राणीच्या गालावरचा ओरखडा

आमच्या थोरल्या साडूंइतका नाण्यांना जपणारा आणि माणसांना तोंडावर किंमत सांगून मोकळा होणारा गृहस्थ नागपुरात दुसरा नाही. विदर्भातही नसावा. त्यापुढचा मुलूख मी फारसा पाहिलेला नाही, पण तिथेही शोधायला जाऊ नये असं माझं मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीज खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं मीटर तपासले. मीटर खरा चालतो की खोटा, एवढा एकच प्रश्न त्यांनी नोकरीभर विचारला, आणि निवृत्त झाल्यावर तोच प्रश्न घेऊन ते नाण्यांकडे, भाजीवाल्यांकडे आणि सासरच्या मंडळींकडे वळले. नाण्यांनी उत्तरं दिली. भाजीवाल्यांनी हसून सोडून दिलं. सासरची मंडळी अजून बोलत नाहीत.

त्यांच्या त्रिमूर्तीनगरातल्या फ्लॅटमध्ये जुनी नाणी ठेवायला एक लोखंडी कपाट आहे आणि कपडे ठेवायला दाराच्या मागचे तीन हूक आहेत. नाणं हातात घेण्याआधी ते साबणाने हात धुतात, कोरडे करतात, पंखा बंद करतात आणि मग कडेला दोन बोटांनी असं धरतात की आपल्याला वाटावं, हे आता त्याची नाडी पाहणार. कोणी नाण्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर त्यांच्या कपाळावरची शीर उडते. लग्न होऊन मी नवा नवा त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा पुढ्यात आलेलं एक नाणं मी कौतुकाने अंगठ्याने पुसलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "तुह्या बहिणीनं पाहून केला का गा हा?" बायकोला 'गा' म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही, ते पुरुषांना म्हणतात, पण त्या क्षणी ते कोणाशी बोलत आहेत याचंही भान त्यांना राहिलं नव्हतं. नाणं पुसणं हा त्यांच्या लेखी खुनाच्या खालोखालचा गुन्हा. शंभर-सव्वाशे वर्षं हवेत राहून चांदीवर जो काळा-निळा थर चढतो, तीच तिची खरी कातडी, असं ते सांगत. "चमकवलं का मेलं," एवढं एक वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी ऐकवत. चहा मात्र चांगला मिळे. तो ताई करायच्या.

चालू नाण्यांनाही सुटका नव्हती. सालाच्या खाली बारीक तारा असला की ते नाणं हैदराबादच्या टांकसाळीतलं, चौकटीसारखी खूण असली की मुंबईचं, काहीच नसलं की कलकत्त्याचं. हे मला त्यांनी शिकवलं. मला शिकायचं नव्हतं हा भाग वेगळा. भाजी घेतली की उरलेली चिल्लर ते तिथेच, रांगेच्या तोंडाशी उभं राहून, खिशातलं घडीचं भिंग काढून तपासत. मागे माणसं खोळंबलेली, वांगी उन्हात, आणि हे एकेक रुपया उलटा-सुलटा करताहेत. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "काकाजी, चिल्लर घेऊन राहिले का पोरगी पाहून राहिले?" साडूंनी भिंग डोळ्यावरून न काढताच सांगितलं, "हैदराबादची आहे." रांगेत सगळे हसले. साडू हसले नाहीत, कारण त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी खरं उत्तर दिलं होतं. ते ताऱ्याचं नाणं पाकिटात घालून घरी गेले आणि मेथीची जुडी तिथेच विसरले.

पण त्यांनी खऱ्या अर्थाने माणसं तोडली ती किंमत सांगण्यात. मोबाइलवर कोणीतरी व्हिडिओ पसरवतो, की देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं तुमच्याकडे असेल तर ते दहा लाखांना जातं. कमळाच्या पितळी वीस पैशांत सोनं मिसळलेलं आहे. आणि मग आपल्या नात्यातल्या प्रत्येक घरी देवघराच्या डबीतून काहीतरी निघतं. बायकोच्या चुलतबहिणीच्या लग्नात, हॉलमध्ये जेवणाची पानं मांडलेली असताना, तिच्या सासूबाईंनी रुमालाची गाठ सोडून असं एक नाणं साडूंपुढे धरलं. आजूबाजूला पंधरा माणसं जमली. साडूंनी भिंग काढलं, नाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं, कड पाहिली.

"पाच," ते म्हणाले.

"पाच लाख?" सासूबाईंचा आवाज चिरकला.

"पाच रुपये. दुकानात द्या. चॉकलेट येईल."

त्या बाईंनी त्या नाण्यावर नातवाच्या इंजिनिअरिंगचा खर्च मनातल्या मनात भागवून टाकला होता, हे नंतर कळलं. कोणीतरी मागून म्हणालं, "अहो, जरा गोड बोलायचं, लग्नघर आहे." साडूंना ते कळलंच नाही. "गोड बोलून नाण्याचं वजन वाढते का गा?" असं त्यांनी मलाच विचारलं, आणि मी मठ्ठ्याच्या वाटीत तोंड घातलं. त्यानंतर त्या घरच्या पत्रिका त्यांना आल्या नाहीत. असं एक-एक घर करत त्यांनी बरंचसं गणगोत निकाली काढलं. ताई होत्या तोवर त्याचं काही वाटत नव्हतं. त्या मागाहून फोन करायच्या, समजूत घालायच्या, तिळगूळ पाठवायच्या. साडूंनी उसवायचं आणि ताईंनी टाके घालायचे, असा तो संसार चालला होता.

चार वर्षांपूर्वी ताई गेल्या.

साडूपण ही दोन खुंट्यांना ताणून बांधलेली दोरी असते. दोन बहिणी त्या दोन खुंट्या. एक उखडली की दोरी जमिनीवर पडते, आणि तिला काय म्हणायचं हे कोणी सांगत नाही. माझ्या बायकोला ते घर ताईशिवाय पाहवत नाही. दारातल्या चपलांच्या जागेवर एकच जोड दिसला की ती जिन्यातूनच परत फिरायची, म्हणून मी एकटाच जायला लागलो. दर रविवारी दुपारी. मनीषनगरातून स्कूटर काढायची, जाताना आलुबोंडे घ्यायचे, आणि दोघांनी समोरासमोर बसून ते खायचे. आमच्यात बोलण्यासारखं फार नव्हतं. मी मिहानमधल्या एका कंपनीच्या प्रशासन विभागात आहे; म्हणजे कँटीनच्या पोह्यांत मीठ कमी पडलं की ज्याला फोन येतो, तो मी. या विषयावर दर आठवड्याला नवीन काय सांगणार? मुलीचा कॅनडाहून फोन आला का, हे मी विचारायचो. "आला," ते म्हणायचे. झालं. नंतर पंख्याचा आवाज.

अशात त्यांना ऑनलाइन लिलाव सापडला. एका ॲपवर जुनी नाणी विकायला लावतात, देशभरातले शौकीन बोली लावतात, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपते. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा स्मार्टफोनला हात लावला आणि पंधरा दिवसांत तो मीटरसारखा खोलून समजून घेतला. बोली लावणाऱ्यांची खरी नावं दिसत नसत, टोपणनावं आणि गावं दिसत. पण साडूंनी त्या टोपणनावांची माणसं करून टाकली होती. "हा इंदूरवाला आज गप्प आहे, तब्येत बरी नसंल." "हा मोगलप्रेमी शेवटच्या मिनिटाले उडी मारते, सरळ माणूस नाही." रविवारी दुपारी ते आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसत. मी एकदा विचारलं, कोणी पाहुणे येणार आहेत का? तर मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढे सारे आहेत ना."

घेता घेता ते विकायलाही लागले. कपाट मुलीला नको होतं. "बाबा, मी काय करू त्या डब्यांचं?" असं तिने सरळ विचारलं होतं, आणि ती त्यांचीच मुलगी असल्यामुळे तिला गोड बोलता येत नव्हतं. आपल्या मागे हे सगळं वजनावर सराफाकडे जाऊन वितळणार, ही धास्ती साडूंच्या पोटात बसली. एकेक नाणं त्याची कदर असणाऱ्याच्या हाती देऊन जायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि इथे त्यांचा खरेपणा आडवा आला. लोक नाण्याचा उजळ फोटो लावून खाली 'अतिशय दुर्मीळ' असं लिहितात. साडूंच्या फोटोत नाणं लहान आणि नाण्यावरचा दोष मोठा असे. खालचा मजकूर मला पाठ आहे: 'राणीछाप चांदीचा रुपया. दुर्मीळ नाही, पुष्कळ आहेत. राणीच्या गालावर ओरखडा आहे, तो विक्रेत्याच्याच चिमट्याने पडला, त्याबद्दल खेद वाटतो. विचार करून बोली लावावी.' वर किंमत अशी, की जेवढी त्यांच्या मते खरी तेवढीच सुरुवातीला. शंभर रुपयांपासून सुरू करून लोकांना नादी लावणं त्यांना मंजूर नव्हतं.

लोकांनी विचार केला आणि बोली लावली नाही.

पहिला रविवार, दुसरा, पाचवा. पाच वाजायला दहा मिनिटं असली की साडू आलुबोंडा बशीत ठेवून द्यायचे. पडद्यावर आकडे उलटे पळायचे. शेवटचं मिनिट लाल व्हायचं. मग 'शून्य बोली' असं यायचं. ते एकदा पडदा खाली ओढून सोडायचे, चुकून कोणी उशिरा आलं असेल तर दिसावं म्हणून. मग चष्मा काढून म्हणायचे, "जाऊ दे. रविवार आहे. लोक बाहेर गेले असतीन." इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या ते मी असेपर्यंत दुमडत नसत. मी निघालो की दाराच्या फटीतून दिसायचं: पंखा बंद, आणि ते तसेच बसलेले.

सहाव्या रविवारच्या आधी मी वाडीला गेलो. तिथे अमरावती रोडवर माझा वर्गमित्र लांजेवार याचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. आडदांड माणूस, आवाज ट्रकच्या वर ऐकू जाणारा. त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुझ्या नावाने ॲपवर खातं उघडू. पैसे मी तुला देईन, तू फक्त बोली लाव आणि पार्सल घे. लांजेवारने हिशोबाची वही मिटली.

"म्हणजे बुढ्याचं नाणं तू घेशीन, पण मी घेतलं म्हणून सांगशीन?"

"हो."

"मंग सरळ तूच काहून नाही घेत?"

"मी घेतलं तर त्यांना दया वाटेल."

"अन् मी घेतलं तर?"

"तर गिऱ्हाईक वाटेल."

लांजेवारने मान डोलावली. त्याच्या धंद्यात हा फरक त्याला ठाऊक असणार.

त्या रविवारी पाचला सात मिनिटं असताना पडद्यावर आकडा हलला. साडूंनी आधी चष्मा पुसला. "आली," ते म्हणाले. इतक्या हळू, की खोलीत कोणी झोपलेलं असावं. मग एकदम उठून उभे राहिले. "अरे आली गा! वाडीचा आहे! आपल्या वाडीचा!" मी जमेल तेवढं आश्चर्य केलं. पाच वाजले, रुपया लांजेवारला गेला, आणि साडूंनी पहिलं काम काय केलं, तर गिऱ्हाइकाला निरोप टाकला: 'ओरखड्याबद्दल वाचले ना? अजूनही नकार देऊ शकता.' तिकडे लांजेवारने घाबरून मला फोन केला. मी गॅलरीत जाऊन, ऑफिसचा फोन आहे असं भासवून, त्याला 'हो म्हण' एवढंच सांगितलं. त्याच गडबडीत त्याने शेजारचं बटण दाबून जबलपूरच्या कोणा माणसाची नेपाळी नाणीही घेऊन टाकली होती. ती आजही माझ्याकडे आहेत. कोणाला हवी असल्यास सांगावं.

चार दिवसांनी लांजेवारचा फोन. "अबे, पार्सल आलं. अन् आतमंदी पत्र आहे. माह्या बापानं मले कधी पत्र नाही लिहिलं! तो विचारून राहिला, नाणं सुखरूप पोचलं का, त्याले कुठं ठेवलं, दमट जागा तर नाही. मी काय सांगू? त्याले भूक लागली का तेही विचारू का?"

उत्तर मलाच लिहावं लागलं. ऑफिसात टाइप करायचं, लांजेवारने सही करायची. पहिलं उत्तर दोन ओळींचं होतं. पण साडूंनी त्याला तीन पानी उत्तर पाठवलं, सोबत मी तोवर त्याच्या नावाने घेतलेलं दुसरं नाणं, आणि तिथून ती गाडी थांबली नाही. दर पंधरवड्याला मी एक नाणं घ्यायचो, एक पत्र यायचं. लांजेवारने दुसऱ्या पत्रापासून फोडणं बंद केलं. "तुमचं तुम्ही पहा," म्हणाला, आणि पाकिटं टेबलाच्या खणात वेगळी ठेवायला लागला. ट्रकमध्ये माल चढत असायचा, हमाल ओरडत असायचे, आणि मी सिमेंटच्या पोत्यावर बसून माझ्याच साडूंना वाचायचो.

ज्यांच्याशी मी दर रविवारी पंख्याचा आवाज ऐकत बसत होतो, ते हेच, यावर माझा विश्वास बसेना. मीटर तपासायला ते कामठीच्या विणकरांच्या गल्लीत जायचे, तिथे यंत्रमागांच्या खडखडाटात एका म्हाताऱ्याने त्यांना तांब्याचा पैसा दाखवला, आणि तिथून हा नाद लागला, हे मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. दुपारी तीन ते पाच हा वेळ घरात सरत नाही, असं त्यांनी लांजेवारला लिहिलं होतं. माझ्याबद्दलही होतं. 'एक साडू येतात. स्वभावाने चांगले, नाण्यातले त्यांना काही कळत नाही. आलुबोंडे आणतात ते फार तेलकट असतात, पण त्यांचे मन मोडवत नाही.' मी त्या दिवशी पोत्यावरून उठलो तो थोडा रागातच. पुढच्या रविवारी दुसऱ्या गाड्यावरून आणले.

आणि एका पत्रात हे होतं. ताई शेवटच्या वेळी स्वतः भाजी आणायला गेल्या, तेव्हा उरलेली चिल्लर त्यांनी साडूंच्या हातावर ठेवली होती. सात रुपये. साडूंनी ती तपासली. काही विशेष नव्हतं. पण खर्चही केली नाही. सगळ्या नाण्यांसारखं त्यांनी तिचं पाकीट केलं आणि वर नेहमीच्या रकान्यांत लिहिलं: धातू, वजन, टांकसाळ, दर्जा. 'मूल्य या रकान्यापाशी थांबलो आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'चार वर्षे झाली. आपल्या अनुभवात अशा वेळी काय लिहितात?'

लांजेवारच्या अनुभवात काहीच नव्हतं. माझ्याही. मी लिहिलं, की रकाना कोरा ठेवावा. नंतर, का कोण जाणे, पुढे चार ओळी आणखी लिहिल्या: माझ्या माहितीतल्या एका घरी मुलगा नोकरीला हैदराबादला गेल्यापासून त्याची खोली तशीच ठेवली आहे, कोणी आत बसत नाही. लांजेवारने सही करताना ते वाचलं आणि पाकीट स्वतःच चिकटवलं.

आता माझी फजिती. घेतलेली नाणी मी कुठे ठेवणार? बाकीची ऑफिसच्या खणात गेली, तो पहिला ओरखड्याचा रुपया मात्र ऑफिसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातच राहिला. आणि दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी माझ्या बायकोला डब्याचा रुमाल शोधताना बॅगेत राणीछाप रुपया सापडला. तिला वाटलं, कंपनीने दिवाळीला दिला असेल, आणि मी नेहमीसारखा सांगायचं विसरलो. एवढं काळं नाणं लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं? रांगोळीचा डबा समोरच होता. तिने मूठभर रांगोळी आणि दंतमंजन घेऊन तो रुपया असा घासला, की मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा चौरंगावर राणी नुकतीच न्हाऊन आल्यासारखी लखलखत होती. "किती काळं ठेवलं होतं हो!" बायको म्हणाली. मी आरती म्हटली. काय म्हटलं ते आठवत नाही.

पाडव्याच्या सकाळी साडू फराळाला येतात. वर्षातून एकदा, वीस मिनिटं. चौरंग अजून हलवला नव्हता. मी तो हलवायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा बायकोने 'आज नाही हलवत' म्हणून अडवलं. साडू आले, चपला काढल्या, सवयीने लक्ष्मीला नमस्कार करायला वाकले. नमस्कार जरा लांबला. मग खिशातून भिंग निघालं.

मी स्वयंपाकघराच्या दारात चिवड्याची बशी धरून उभा. ओरखडा रांगोळीने जात नाही.

"काय पाहून राहिले, भाऊजी?" बायकोने विचारलं.

साडू वाकलेलेच होते. "हे कोणी घासलं?"

"मीच. छान निघालं ना?"

त्यांच्या कपाळावरची शीर मला दारातून दिसली. मग ती हळूहळू बसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या रुपयाकडे पाहत म्हणाले, "छान. फार छान चमकून राहिलं."

पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. बायको खुश झाली आणि तिने, जो प्रश्न आमच्या नात्यात साडूंना कोणी विचारू नये असा दंडक आहे, तो विचारला: "किती किंमत असेल हो याची?"

साडूंनी भिंग मिटलं. "याची नाही सांगता येत," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसून त्यांनी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. वीस मिनिटांनी गेले. जिन्यापर्यंत मी सोबत गेलो. मला सांगायचं होतं. "भाऊ," मी म्हटलं. "चकल्या कडक झाल्या गा यंदा," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून उतरले.

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. मी जायचो. ते साध्या बनियनवर असायचे. मोबाइल टीव्हीशेजारी पालथा ठेवलेला. पाच वाजायचे आणि जायचे, त्यांनी काही विकायला लावलेलंच नसायचं. वाडीलाही काही येत नव्हतं. नोकरी सुटल्यापासून त्यांची कदर करणारा एकच माणूस त्यांना भेटला होता, आणि त्यालाही मी आणि माझ्या बायकोने रांगोळीने घासून टाकलं, असं मला वाटत राहिलं. एवढंच असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण मला स्वतःलाच पत्रांची चुटपुट लागली होती. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी सवयीने कॉम्प्युटर उघडायचो, 'सप्रेम नमस्कार' टाइप करायचो, आणि पुढे कोणाला लिहायचं ते नसायचं. घरी बायको आणि मी मालिका बघत जेवतो. ती ताईबद्दल बोलत नाही, मी मुलाच्या खोलीबद्दल बोलत नाही. बरं चाललं आहे. तक्रार नाही.

पाचव्या आठवड्यात लांजेवारचा फोन आला. नेहमीच्या आवाजात नव्हता. "पाकीट आलं. हलकं आहे. नाणं नाही वाटत."

मी दुपारीच ऑफिसातून निघालो. पोत्यावर बसून फोडलं. एकच पान होतं.

'श्री. लांजेवार यांस सप्रेम नमस्कार. मध्यंतरी पत्र लिहिणे झाले नाही, क्षमस्व. आपण पूर्वी माझ्याकडून घेतलेल्या रुपयाबद्दल आपल्याला काही खंत वाटत असल्यास वाटू देऊ नये. घरच्या माणसाने देवापुढे ठेवायला म्हणून घासलेले नाणे पुन्हा काळे होतेच; वेळ लागतो. यावेळी नाणे पाठवत नाही. आपण आजवर पुष्कळ घेतलीत. नाण्याशिवाय पत्र लिहिले तर चालेल का, हे विचारायचे होते. आणखी एक. आपल्या घरी कोण कोण असते, दिवस कसा जातो, हे मी कधी विचारले नाही. माझेच सांगत बसलो. सवड असल्यास लिहावे.'

मी ते तीनदा वाचलं. शेजारी ट्रक मागे घेत होते, कोणीतरी 'आने दो, आने दो' ओरडत होतं. लांजेवार दारातून म्हणाला, "काय म्हणते गा?"

"विचारतात, घरी कोण कोण आहे."

"मंग लिही ना. बायको अन् दोन पोरं."

"ते तुझं झालं."

लांजेवारने आत जाऊन आपली लिहायची वही आणि पेन आणून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि पुन्हा ट्रककडे गेला. टाइप करण्यात आता अर्थ नव्हता. मी माझ्या अक्षरात लिहिलं. आधी वाटलं होतं, अर्धं पान होईल. चार झाली. मुलगा आठवड्यातून एकदा फोन करतो आणि सगळं ठीक आहे म्हणतो, ते लिहिलं. ताईचा विषय निघाला की बायको उठून गॅस पुसायला लागते, ते लिहिलं. रविवारी सहा वाजता एका घरून निघाल्यावर मी सरळ घरी जात नाही, रस्त्यात स्कूटर लावून चहा घेतो आणि तिथेच बसतो, कारण घरी काय बोलायचं ते सुचत नाही, तेही लिहिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. वाचकहो, तुम्हालाही सांगणार नव्हतो. शेवटी लांजेवारने सही केली. "वाचलं नाही," तो म्हणाला.

त्या रविवारी साडूंकडे गेलो. ते इस्त्रीच्या शर्टात होते. मी आलुबोंडे ठेवले, त्यांनी चहा केला. आता त्यांना बरा जमतो. इंदूरवाला पुन्हा दिसू लागला आहे, तब्येत सुधारली असावी, एवढं त्यांनी सांगितलं. मी कँटीनचा नवा कंत्राटदार कसा आहे ते सांगितलं. मग दोघांनी पंख्याखाली बसून आलुबोंडे संपवले. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पाच वाजले. सहा वाजले. मी चपला घालायला वाकलो.

"बस गा अजून थोडा," साडू म्हणाले. ते खिडकीबाहेर पाहत होते. "एवढ्या लवकर घरी जाऊन तरी काय करून राहिला तू?"

मी चपला काढल्या आणि बसलो. आठ वाजेपर्यंत बसलो. बोललो मात्र आम्ही काहीच नाही. बोलायचं ते सगळं सोमवारी पोस्टाने जाणार होतं.